बीथोव्हेनची कावीळ

पाश्चात्त्य संगीत म्हटले की आपल्याकडे पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात. पन्नास-साठ माणसांनी एकदम वाद्ये वाजवायची, समेवर कुणी मान हलवायची नाही, दाद द्यायची ती सगळे संपल्यावर, हा काय प्रकार आहे, असे आमच्या घरीही मला विचारले गेले आहे. त्यामुळे लुडविग व्हान बीथोव्हेन या जर्मन संगीतकारावर मी या अंकासाठी लिहिणार, आणि त्याच्या सिंफनींपेक्षा त्याच्या यकृतावर अधिक लिहिणार, हे कळल्यावर वर्गात हशा पिकला. पण खरे सांगायचे तर त्याचे चरित्र वाचताना माझे लक्ष बहिरेपणापेक्षा त्याच्या पोटाच्या दुखण्याकडेच जास्त गेले. तो बहिरा होता हे सर्वांना ठाऊक असते. तो वारला मात्र यकृताच्या विकाराने, आणि त्या विकारामागचा एक मोठा धागा त्याच्या मृत्यूनंतर एकशे शहाण्णव वर्षांनी, म्हणजे २०२३ साली, हाती लागला.

राइन नदीकाठच्या बॉन शहरात १७ डिसेंबर १७७० रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला. आजोबा तिथल्या दरबारात संगीतप्रमुख होते, आणि जोडीला द्राक्षाच्या दारूचा छोटासा व्यापारही करीत. त्या व्यापाराची किंमत घराने मोजली. आजी व्यसनाच्या आहारी गेली आणि तिला अखेर घरापासून दूर एका मठात ठेवावे लागले. वडील योहान दरबारात गायक होते. तेही त्याच वाटेने गेले. मोत्झार्टसारखा आपलाही पोरगा बालचमत्कार म्हणून गाजावा ही त्यांची हौस, आणि त्या हौसेपायी मुलाला अपरात्री झोपेतून उठवून वाद्यापुढे बसवीत, असे सांगतात. आई १७८७ च्या जुलैत क्षयाने गेली तेव्हा लुडविग सोळा वर्षांचा होता. पाठीवर दोन धाकटे भाऊ. अठराव्या वर्षी त्याने दरबारात अर्ज केला आणि वडिलांचा निम्मा पगार परस्पर आपल्या हाती मिळेल अशी तजवीज करून घेतली. ज्या मुलाला बापाचा पगार गुत्त्यावर जाण्याआधी अडवावा लागतो, त्याचे घर ओळखायला आपल्यापैकी कुणाला जर्मनीचा नकाशा उघडावा लागू नये.

१७९२ च्या नोव्हेंबरात तो व्हिएन्नाला हायडनकडे शिकायला गेला, आणि पुढची पस्तीस वर्षे तिथेच राहिला. पियानोवादक म्हणून त्याचे नाव झाले. सरदार-दरकदारांच्या दिवाणखान्यांत त्याला मागणी येऊ लागली. याच सुमारास, म्हणजे वयाच्या पंचविशीनंतर, दोन दुखणी त्याच्या मागे लागली. एक कानाचे आणि दुसरे पोटाचे. पोटात कळा, जुलाब, मधूनच काही महिने बरे, पुन्हा तेच. कानाच्या दुखण्याने मोठे साहित्य निर्माण झाले. पोटाच्या दुखण्यावर मात्र चरित्रकारांनी दोन-दोन ओळींत बोळवण केली आहे.

१८०२ च्या ऑक्टोबरात व्हिएन्नाजवळच्या हायलिगेनश्टाट या खेड्यात त्याने आपल्या दोन्ही भावांना उद्देशून एक लांब पत्र लिहिले. ते त्याने कधीच धाडले नाही. मृत्यूनंतर कागदपत्रांत सापडले. आपण माणसांपासून दूर का राहतो, चारचौघांत जायला का धजत नाही, याचा त्यात उलगडा आहे, आणि जीव देण्याचा विचार मनात येऊन गेल्याची कबुलीही आहे. या पत्राची चर्चा पुष्कळ होते, पण त्यातल्या एका विनंतीकडे सहसा कुणी थांबत नाही. मी मेल्यावर प्राध्यापक श्मिट हयात असतील तर त्यांनी माझ्या आजाराचे वर्णन लिहावे आणि ते या कागदाला जोडावे, म्हणजे निदान मृत्यूनंतर तरी जगाची माझ्याविषयीची अढी जाईल, अशा आशयाची ती विनंती आहे. हे डॉक्टर श्मिट १८०९ सालीच वारले. विनंती तशीच राहिली.

मधल्या वर्षांचा तपशील मी इथे देत नाही. तिसरी, पाचवी, सहावी सिंफनी, पियानोच्या रचना, एकुलती एक संगीतिका, हे सारे याच काळातले, आणि त्यावर लिहिण्याचा अधिकार संगीत जाणणाऱ्यांचा. १८१८ पासून ऐकू येणे इतके कमी झाले की भेटायला येणारे लोक आपले बोलणे वहीत लिहून दाखवू लागले. अशा शंभराहून अधिक वह्या आज शिल्लक आहेत. त्यांत बहुतेक पाहुण्यांचेच बोलणे आहे, कारण बीथोव्हेन स्वतः तोंडाने उत्तर देई. टेलिफोनवर कुणी बोलत असताना आपल्याला एकाच बाजूचे ऐकू यावे, तसे त्या वह्या वाचणाऱ्याचे होते. स्वयंपाकिणीचे भांडण, माशांचे भाव, कुठली दारू चांगली, पुतण्याची शाळा, आणि मध्येच डॉक्टरांनी सांगितलेले पथ्य.

१८२१ च्या उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली.

इथे जरा थांबले पाहिजे, कारण कावीळ हा शब्द उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आपल्या तिन्ही गावांचे पाणी उल्हास नदीच्या खोऱ्यातले. पाऊस सुरू झाला, नळाला गढूळ पाणी आले, की पंधरा-वीस दिवसांनी कुणाच्या तरी घरी डोळे पिवळे झाल्याची बातमी येतेच. मग तेल-तूप बंद होते, उसाचा रस आणि चणे सुरू होतात. कुणी काविळीची माळ आणून डोक्यावर ठेवतो. ती जसजशी लांबत गळ्यात उतरेल तसतशी कावीळ उतरते म्हणतात. कुणी चुन्याच्या निवळीत हात धुवून पाणी पिवळे झालेले दाखवतो. दूषित पाण्यातून येणारी ही कावीळ ए किंवा ई या विषाणूंनी होते आणि बहुतेकांची चार-सहा आठवड्यांत आपोआप बरी होते, म्हणून माळेला यश येते. (गरोदर बाईला मात्र ई विषाणू जिवावर बेततो, तिथे माळेचे काम नव्हे.) परंतु काविळीच्या मागे आणखी एक विषाणू असू शकतो, तो म्हणजे बी. तो पाण्यातून येत नाही. रक्तातून, न उकळलेल्या सुईतून, शरीरसंबंधातून आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला, असा त्याचा प्रवास. मोठ्या माणसाला तो झाला तर शंभरातल्या पंचाण्णवांच्या शरीरातून निघून जातो. तान्हेपणी झाला तर शंभरातल्या नव्वदांच्या शरीरात कायमचा मुक्काम करतो. वर्षानुवर्षे काही जाणवत नाही. यकृत मात्र आतून हळूहळू सुजत, वाळत, घट्ट होत जाते.

बीथोव्हेनच्या काळी यातले काहीही ठाऊक नव्हते. विषाणू ही कल्पनाच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. कावीळ म्हणजे पित्त खवळले, एवढेच वैद्यांना कळत होते, आणि पथ्य, हवापालट व औषधी पाण्याची स्नाने हाच उपाय होता. सहा-सात आठवड्यांनी तो बरा झाला. निदान तसे वाटले. त्यानंतर त्याने मोठा मास पुरा केला आणि नववी सिंफनी लिहिली. ७ मे १८२४ रोजी ती प्रथम सादर झाली तेव्हा टाळ्यांचा कडकडाट त्याला ऐकू आला नाही, आणि गायिका कॅरोलिन उंगर हिने त्याला धरून प्रेक्षकांकडे वळवले, हा प्रसंग शाळेच्या पुस्तकांतूनही आला आहे.

पुढच्या वर्षी, १८२५ च्या एप्रिलमध्ये, पोटाने पुन्हा उचल खाल्ली. डॉक्टर ब्राउनहोफर नावाचे कडक वैद्य होते. त्यांनी दारू बंद, कॉफी बंद, मसाले बंद असा हुकूम काढला आणि नाही पाळलात तर काही खरे नाही अशी तंबी दिली. रोगी चक्क वागला. महिन्याभरात बरा झाला, डॉक्टरांना त्याने गंमत म्हणून एक छोटी सांगीतिक रचना लिहून पाठवली, आणि हाती घेतलेल्या चतुष्टकात, म्हणजे चार तंतुवाद्यांच्या रचनेत, एक नवाच भाग घातला. आजारातून उठलेल्या माणसाने देवाचे मानलेले आभार, असे त्या भागाचे शीर्षक त्याने स्वतः दिले आहे. त्यात जुन्या चर्चमधला एक स्वरमेळ वापरला आहे. आपल्या कानाला तो काहीसा यमनच्या बाजूचा वाटतो, कारण त्यात मध्यम तीव्र आहे. स्वर इतके सावकाश चालतात की दुखण्यातून उठलेला माणूस भिंतीला धरून पहिल्यांदा दारापर्यंत जावा. मग मध्येच लय बदलते आणि अंगात बळ आल्यासारखे होते. पुन्हा ते सावकाश स्वर. हा भाग पंधरा मिनिटांहून अधिक चालतो. मी तो बदलापूर लोकलमध्ये कानात घालून ऐकतो. विठ्ठलवाडीला सुरू केला तर बदलापूर येईतो संपतो.

हे आभार मानून झाल्यावर त्याच्या वाट्याला दोन वर्षेही आली नाहीत. १८२६ च्या उन्हाळ्यात पुतण्या कार्लने स्वतःवर पिस्तूल झाडून घेतले. पोरगा वाचला, पण काका खचला. हवापालट म्हणून दोघे धाकट्या भावाच्या शेतावर, ग्नाइक्सेनडॉर्फ या गावी, राहायला गेले. तिथे पाय सुजू लागले, अन्न जाईना. डिसेंबरच्या सुरुवातीला कडाक्याच्या थंडीत, उघड्या गाडीतून, वाटेत एका विनाशेकोटीच्या खोलीत रात्र काढून तो व्हिएन्नाला परतला, तो तापाने फणफणलेला. डॉक्टर वाव्रुख यांनी छातीचा विकार आटोक्यात आणला. तोवर डोळे आणि कातडी पुन्हा पिवळी झाली होती आणि पोटात पाणी भरू लागले होते. आपण ज्याला जलोदर म्हणतो तो हाच.

२० डिसेंबर १८२६ रोजी शस्त्रवैद्याने पोटाला छिद्र पाडून पहिल्यांदा पाणी काढले. पाणी वाहू लागलेले पाहून बीथोव्हेनने बायबलातल्या मोझेसची, काठी मारून खडकातून पाणी काढणाऱ्या त्या महापुरुषाची, आठवण काढून शस्त्रवैद्याची थट्टा केली, असे नमूद आहे. भूल नाही, जंतूंविषयी माहिती नाही. जखम चिघळली. पाणी पुन्हा साचले. ८ जानेवारी, २ फेब्रुवारी, २७ फेब्रुवारी. असे एकूण चार वेळा पाणी काढावे लागले. अंथरूण भिजे. अशा अवस्थेत लंडनहून वाद्ये बनवणारा एक चाहता, श्टुंफ त्याचे नाव, याने पाठवलेले हेंडेलचे समग्र संगीत त्याच्या उशाशी होते, आणि तो पडल्या पडल्या त्याची पाने चाळी. लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीने शंभर पौंड पाठवले; त्याने उलट नव्या सिंफनीचे आश्वासन दिले. डॉक्टर माल्फात्ती यांनी बर्फ घातलेली दारू थोडी थोडी द्यायला सांगितली, तिने चार दिवस हुशारी आली आणि पुन्हा गेली. माइन्त्स गावाहून प्रकाशकाने पाठवलेल्या उत्तम दारूच्या बाटल्या २४ मार्चला पोहोचल्या. आता उशीर झाला, अशा अर्थाचे काहीसे तो पुटपुटला. २६ मार्च १८२७ रोजी संध्याकाळी, बाहेर विजा कडाडत असताना, त्याने प्राण सोडला. वय छप्पन्न.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर योहान वाग्नर यांनी शवविच्छेदन केले. यकृत आकसून निम्मे झाले होते, चामड्यासारखे चिवट, निळसर-हिरवे, आणि त्यावर घेवड्याच्या दाण्याएवढ्या गाठी. प्लीहा दुप्पट मोठी. २९ मार्चला अंत्ययात्रा निघाली, तिला हजारोंचा समुदाय लोटला. मशाल घेऊन चालणाऱ्यांत फ्रान्त्स शुबर्ट होता.

आणि मग सुरू झाली ती चर्चा. वाव्रुख यांनी रुग्णाची हकीकत लिहून ठेवली होती, ती १८४२ साली छापली गेली. तिच्यात त्यांनी त्याच्या मद्यपानावर बोट ठेवले. चाहते संतापले, त्यांनी डॉक्टरांनाच धारेवर धरले. नंतरच्यांनी उपदंशाचाही संशय घेतला. गेली दोनशे वर्षे हा वाद एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला आहे: तो किती पीत होता? जणू यकृत हे माणसाच्या वर्तणुकीचे प्रगतिपुस्तक असावे. पिण्याबद्दल म्हणायचे तर तो जेवणाबरोबर रोज पीत असे, हे त्या वह्यांवरूनही दिसते. त्या काळच्या व्हिएन्नात न पिणारा माणूसच विरळा. पण बाप दारुडा, आजी दारुडी, मग पोरगाही तसाच, हा हिशेब लोकांना फार सोयीचा वाटला.

हा हिशेब मी जवळून पाहिला आहे, आणि या लेखाचा खटाटोप त्यासाठीच आहे. माझे थोरले मामा अंबरनाथला एका कारखान्यात होते आणि उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात राहत. गळ्यात तुळशीची माळ, दर आषाढीला वारी. चहासुद्धा दोनदा घेणार नाहीत. मी नववीत असताना त्यांचे पोट फुगू लागले. सुईने पाणी काढले, पुन्हा भरले. शेजारपाजारचे बघायला येत, मामीकडे कीव करून पाहत, आणि जिना उतरताना आपसांत बोलत की वरून माळकरी दिसतात, पण आतून काय ते देव जाणे. तपासणीत बी विषाणू निघाला. तोवर यकृत गेले होते. तेराव्याला एका दूरच्या नातेवाइकाने आम्हा भाचरांना बसवून दारूच्या दुष्परिणामांवर व्याख्यान दिले. मामी समोर होती. ती काही बोलली नाही, उठून आत गेली. पुढे डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिची आणि दोन्ही मुलांची तपासणी झाली, मुलांना लस टोचली. ते तिने शेजारी कुणाला सांगितले नाही, कारण त्या रोगाचे नाव घेतले की लोक आणखी भलतेच विचारतात.

आता २०२३ कडे येतो. पूर्वी मृताच्या डोक्याची बट आठवण म्हणून कापून ठेवण्याची युरोपात पद्धत होती. बीथोव्हेनच्या म्हणून जपलेल्या आठ बटा जर्मनी, इंग्लंड, अमेरिका वगैरे देशांतल्या संशोधकांच्या एका गटाने तपासल्या. ट्रिस्टन बेग हे त्यातले प्रमुख नाव. त्यांचा लेख मार्च २०२३ मध्ये 'करंट बायॉलॉजी' या नियतकालिकात आला. आठपैकी पाच बटा एकाच पुरुषाच्या आणि खऱ्या ठरल्या. सर्वांत प्रसिद्ध बट होती ती फर्डिनांड हिलर या पंधरा वर्षांच्या मुलाने कापली म्हणून सांगितलेली. तिच्यावर एक अख्खे पुस्तक निघाले होते, आणि तिच्यातल्या शिशावरून बीथोव्हेन शिशाच्या विषाने गेला असे अनुमानही झाले होते. ती बट एका बाईची निघाली! सर्वांत चांगली टिकलेली बट होती ती लंडनच्या त्याच श्टुंफकडची, हेंडेलचे संगीत पाठवणाऱ्याची. तिच्यात बी विषाणूचे अंश सापडले. म्हणजे मृत्यूच्या निदान काही महिने आधी तो विषाणू त्याच्या रक्तात होता. तो जन्माच्या वेळी आईकडून आला, की एखाद्या वैद्याच्या हत्यारातून, की अन्य मार्गाने, हे केसांवरून ठरवता येत नाही. त्या विषाणूचे कूळ डी. भारतातही याच कुळाचा प्रादुर्भाव सर्वांत अधिक आहे.

दारूची सुटका मात्र संशोधकांनी केलेली नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो, नाही तर मीही चाहत्यांच्याच पंगतीला बसायचो. त्यांचे म्हणणे असे की यकृताचा विकार जडण्याची आनुवंशिक प्रवृत्ती त्याच्या ठायी मोठी होती, तीत विषाणूची भर पडली, आणि रोजच्या मद्याने तिसरा भार टाकला. तिघांचा वाटा किती, हे कुणी वेगळे काढू शकत नाही. २०२४ साली खऱ्या ठरलेल्या दोन बटांत शिसे मात्र खरोखरच नेहमीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आढळले. पण तेवढ्याने माणूस मरत नाही, असेही त्या तपासणाऱ्यांनीच सांगितले.

बी विषाणूचा शोध बरुक ब्लुम्बर्ग यांनी १९६० च्या दशकात लावला, त्यांना १९७६ चे नोबेल मिळाले. लस आली. आपल्याकडे ती बाळांच्या नेहमीच्या लसीकरणात २०११-१२ च्या सुमारास सर्वत्र लागू झाली, म्हणजे आत्ता या महाविद्यालयात असलेल्या आमच्यापैकी पुष्कळांच्या जन्मानंतर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोक हा विषाणू अंगात बाळगून होते. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांतून तपासणी आणि औषध मोफत मिळते. हे मामांच्या घरी कुणाला वेळेवर ठाऊक नव्हते.

१८०२ च्या त्या पत्रातली विनंती संशोधकांच्या नजरेसमोर होती, आणि तिचा उल्लेख त्यांनी आपल्या लेखात केला आहे. प्राध्यापक श्मिट यांना जे जमले नाही, ते दोन शतकांनी अनोळखी माणसांनी लिहिले आणि जगापुढे ठेवले. जोडीला नको तेही बाहेर आले: बेल्जममध्ये आज राहणाऱ्या बीथोव्हेन आडनावाच्या मंडळींशी त्याचे पितृकूळ जुळत नाही, मागच्या कुठल्या तरी पिढीत मूल दुसऱ्या पुरुषाचे होते. बहिरेपणाचे कारण मात्र, ज्यासाठी त्याने मुळात ती विनंती केली होती, त्या केसांत सापडलेले नाही.